धरलेलं असतं म्हणून शांत असतं

मे महिन्यात सोलापुरात उन्हाची तक्रार करणारा माणूस बहुधा पाहुणा असतो. इथला माणूस तक्रार करत नाही, उपाय सांगतो. बाजार दहाच्या आत उरका. एक ते चार बाहेर पडू नका. पडलातच तर टॉवेल ओला करून डोक्यावर घ्या, खिशात कांदा ठेवा, घरी आल्याआल्या गार पाणी ढोसू नका, आधी गुळाचा खडा. टॉवेलाच्या गावात टॉवेल ओला करण्याचा सल्ला फुकट मिळतो. कांद्याचं शास्त्र मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही, पण एप्रिल लागला की माझ्याही पर्समध्ये एक असतो. आई विचारते ना.

मी बायोकेमिस्ट्री शिकवते. पारा ४३-४४वर टेकला की माझं डोकं पेशीकडे जातं, तो माझा धंदाच आहे. बाहेर ४४ म्हणजे आत ४४ नव्हे, हे आधी सांगून टाकते. आतलं तापमान ३७च्या आसपास राखायला शरीर जिवाचा आटापिटा करतं. आतला पारा ४०च्या वर गेला, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर तो उष्माघात. तिथे ललित लेख कामाचा नाही, दवाखाना गाठायचा. पण त्याच्या खूप आधीपासून, नुसत्या आटापिट्यातच, पेशींवर ताण आलेला असतो. पाणी कमी पडतं, क्षारांचा तोल ढळतो, आतड्याकडचं रक्त कातडीकडे वळवलं जातं, ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात. आता प्रश्न असा की हे सगळं पेशीला कळतं कुणाकडून? आणि त्याहून मोठा प्रश्न: संकटाच्या वेळी स्वतःला संपवण्यापर्यंतची सगळी यंत्रणा पेशीत तयार असते, तर मग सोलापुरातल्या प्रत्येक दुपारी ती चालू का होत नाही?

थोडी पूर्वतयारी करू. पेशीत निरोप पोचवायची एक जुनी रीत आहे. एका प्रथिनाने दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक गट चिकटवायचा, की दुसऱ्याचा आकार आणि स्वभाव बदलतो. चिकटवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) कायनेज म्हणतात. माणसाच्या जनुकसंचातल्या कायनेजांची २००२मध्ये मोजदाद झाली तेव्हा ५१८ भरली. त्यातली काही खास ताणाच्या वेळची. १९९०मध्ये किरियाकिस आणि अव्रुच या दोघांना पांढऱ्या उंदरांच्या यकृतात असं एक कायनेज सापडलं, जे उंदराला सायक्लोहेक्झिमाइड टोचल्यावर जागं व्हायचं. सायक्लोहेक्झिमाइड म्हणजे प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडणारं विष. पुढे त्याच कुटुंबाला जेएनके हे नाव मिळालं. १९९४मध्ये पी-३८ हे भावंड पुढे आलं. ऊन म्हणा, अतिनील किरणं म्हणा, मिठाचं जास्त झालेलं पाणी म्हणा किंवा सूज आणणारे रेणू म्हणा, यातलं काहीही आलं की ही दोन्ही कायनेजं जागी होतात.

ती थेट जागी होत नाहीत. वर दोन पायऱ्या असतात. सर्वांत वरचं कायनेज मधल्याला फॉस्फेट लावतं, मधलं खालच्याला, आणि खालचं म्हणजे जेएनके किंवा पी-३८. वरच्या पायरीवर बसणाऱ्यांपैकी एकाचं नाव आस्क-१. जपानमध्ये हिदेनोरी इचिजो आणि सहकाऱ्यांनी ते १९९७मध्ये जगापुढे आणलं. पेशीत ते जास्त प्रमाणात घातलं की पेशी आत्मनाशाच्या वाटेला लागते, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

आमच्याकडे टीवायची मुलं हे सगळं बाणांनी पाठ करतात. ताण, बाण, आस्क-१, बाण, मधलं कायनेज, बाण, जेएनके, बाण, पेशीचा मृत्यू. परीक्षेला हा आराखडा पैकीच्या पैकी गुण देतो, म्हणून मी तो शिकवतेसुद्धा. पण त्याने एक गैरसमज मुरतो. ताण येण्याआधी काहीच घडत नसतं आणि कुणीतरी येऊन ढकलल्यावर यंत्र सुरू होतं, असा. पेशीत प्रकार बहुतेक उलटा असतो. आस्क-१ची स्वतःची ओढ चालू होण्याकडे असते. दोन-चार आस्क-१ रेणू एकत्र आले, एकमेकांना भिडले, की ते एकमेकांवरच फॉस्फेट लावून जागे होतात. त्यांना ढकलायला कुणी लागत नाही. लागतं ते धरून ठेवायला. बाणांच्या चित्रात या धरणाऱ्याला जागा नसते आणि असलीच तर कोपऱ्यात, आडव्या रेघेचं टोपण लावून. माझ्या मते गोष्ट त्याच्यापासून सुरू व्हायला हवी.

आस्क-१ला धरून ठेवणारं प्रथिन १९९८मध्ये इचिजोंच्याच सहकाऱ्यांनी शोधून काढलं, आणि ते निघालं ओळखीचंच: थायोरेडॉक्सिन. हे १९६४पासून माहीत होतं, रायशार्ड यांच्या गटाने ते जिवाणूंमध्ये शोधलं होतं. माणसातलं थायोरेडॉक्सिन जेमतेम १०५ अमिनो आम्लांचं, प्रथिनांच्या जगात लहानखुरं. डीएनएची विटा-माती बनवणाऱ्या विकराला हायड्रोजन पुरवायचा, ऑक्सिजनने गंजलेली प्रथिनं पूर्वपदावर आणायची, अशी कामं करणारा हा गडी. त्याच्या पृष्ठभागावर, ३२व्या आणि ३५व्या जागी, सिस्टीन नावाची दोन अमिनो आम्लं शेजारशेजारी आहेत. मध्ये फक्त दोन घरं. प्रत्येक सिस्टीनला गंधकाचं एक टोक. दोन्ही गंधक मोकळे असताना थायोरेडॉक्सिन आस्क-१च्या सुरुवातीच्या भागाला बिलगून बसतं, आणि आस्क-१ला दुसऱ्या आस्क-१ला भिडता येत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजनच्या त्या उपद्रवी रेणूंपैकीच एक, वाढलं की हे दोन गंधक एकमेकांनाच जोडले जातात, थायोरेडॉक्सिनचा आकार जरासा बदलतो आणि बिलगणं सुटतं. मोकळे झालेले आस्क-१ भिडतात. पुढचं बाणांच्या चित्रात आहेच.

इथे मी वर्गात थांबते, कारण बहुतेकांच्या हातून नेमकं हेच निसटतं. पेरॉक्साइड आस्क-१ला शोधत येत नाही. ते येतं थायोरेडॉक्सिनला. धरणारा आणि ताण ओळखणारा, दोन्ही एकच. वेगळा पहारेकरी नाही, त्याने जाऊन वर्दी द्यायची भानगड नाही. धरणाऱ्यालाच लागतं आणि लागलं म्हणून त्याची पकड सुटते.

हे मला पुस्तकाआधी सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या मागवाल्यांच्या वस्तीत, कळलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मागवाल्या काकांचा कारखाना आहे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, व्यापाऱ्याशी हिंदी. जुन्या साध्या मागांबरोबर त्यांनी एक सेकंडहँड रेपिअर आणून बसवला आहे, टॉवेलचा. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत पेपर तपासायचे सोडून मी तिथे रेंगाळले होते.

"काय गं, सुट्टीत पण कॉलेजचंच करलालीस?" काकांनी गठ्ठा बघून विचारलं आणि मग स्वतःहूनच माग दाखवायला घेतला. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी लटकलेली असते. ते तिला पिन म्हणतात. शेकडो पिना, शेकडो धागे, सगळं थरथरत असतं आणि कानाला दडे बसतील इतका आवाज. काकांनी माग थांबवला आणि कडेचा एक धागा नखाने तोडून दाखवला. त्या धाग्यावरची पिन टपकन खाली पडली.

"ही पिन कुणी धरलीया? दोऱ्यानंच की. दोरा तुटला की पिन खाली. पिन खाली की करंट जुळतो, माग बंद. मला बघत बसावं लागत नाही."

तुटलेला धागा शोधणारं वेगळं उपकरण मागात नाही. धागा ताठ असेतो त्यानेच पिन तोलून धरलेली असते. त्याचं धरणं हीच "सगळं ठीक आहे" अशी अखंड चाललेली खबर. थायोरेडॉक्सिन-आस्क-१ची जोडी मला त्या दिवसापासून अशीच दिसते. फरक एवढाच की पिन पडली की माग थांबतो, पेशीत मात्र थांबलेलं सुरू होतं. काकांच्या साध्या मागांना ही सोय नाही. तिथे दिवसभर माणसाचे डोळे लागतात, आणि पत्र्याखालच्या त्या उकाड्यात डोळ्यांचं काय होतं हे काकूंना विचारावं.

पण पेशी एका पकडीवर भागवत नाही. आस्क-१ला दुसऱ्या टोकाकडून आणखी एक प्रथिन धरतं, ज्याचं नाव १४-३-३. हे नाव ऐकून मुलं हमखास हसतात. १९६७मध्ये मूर आणि पेरेझ गाईच्या मेंदूतली प्रथिनं वेगळी करत होते. हे प्रथिन चौदाव्या अंशात उतरलं आणि पुढे स्टार्चच्या जेलवर ३.३ या जागी थांबलं, म्हणून १४-३-३. बारशाला आत्याबाई आलीच नाही. आस्क-१च्या ९६७व्या जागच्या सेरीनवर फॉस्फेट असेल तरच १४-३-३ तिथे बसतं, हे १९९९मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे इथे फॉस्फेट लागणं हीच शांततेची खूण, आणि ते काढून टाकणं हा सुटण्याचा मार्ग. कॅल्सिन्युरिनसारखी विकरं ते काढतात. फॉस्फेट म्हणजे चालू, असं ज्यांनी पाठ केलंय त्यांची इथे विकेट पडते.

१९९९मध्येच आणखी एक धरणारा सापडला, आणि तो तर दुसऱ्याच खात्यातला. ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज हे विकरांचं कुटुंब यकृतात विषं निकामी करायचं काम करतं, असंच आम्ही शिकलो. त्यातला 'पाय' (ग्रीक अक्षर π) हा प्रकार जेएनकेला धरून बसलेला असतो, हे झीव रोनाई यांच्या गटाला दिसलं. अतिनील किरणं किंवा पेरॉक्साइड आलं की या विकराचे रेणू आपसात जुळून मोठे पुंजके करतात आणि जेएनके सुटतो. म्हणजे विष निकामी करणाऱ्यालाच विष वाढल्याची खबर सगळ्यांत आधी लागणार, आणि संकटाचं कायनेज त्याच्याच हाती दिलेलं. ही मांडणी कुणी ठरवून केलेली नाही, उत्क्रांतीत साधून गेलेली आहे, पण मी खातं सांभाळत असते तर हीच केली असती.

उन्हाळी गावातल्या माणसाला याहून जवळचा वाटावा असा प्रकार म्हणजे याच कुटुंबातला 'म्यू' (μ). हा आस्क-१ला धरतो. २००२मध्ये कॅनडातल्या एका गटाने दाखवलं की पेशींना उष्णतेचा धक्का दिला की म्यू आस्क-१ला सोडतो आणि त्यातून पी-३८ जागा होतो. थायोरेडॉक्सिन पेरॉक्साइड आलं की सोडतं, म्यू उष्णता आली की सोडतो. आस्क-१ तोच. कोण सोडतं यावरून पेशीला कळतं की आज काय झालंय. एकाच कायनेजला इतके धरणारे का, या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर इथे आहे.

म्यूचं जनुक कित्येक माणसांत मुळातच गायब असतं, दोन्ही प्रती. ती माणसं हिंडती-फिरती असतात, तुमच्या-माझ्यात आहेत, कदाचित मीच त्यातली. हे वाचून थुंकीची नळी पाठवून आपलं जनुक तपासायला कुणी धावू नये. एक पकड नसली तर दुसऱ्या असतात, आणि एका जनुकावरून "तुम्हाला ऊन सोसणार नाही" असं छापून देणाऱ्या अहवालाची किंमत पर्समधल्या कांद्याहून फार जास्त नसते.

पुण्यात संशोधन करत होते तेव्हा उष्णतेचा धक्का मी हाताने देत असे. पेशी वाढलेल्या प्लॅस्टिकच्या ताटल्यांना कडेने पॅराफिल्म गुंडाळायची, म्हणजे पाणी शिरत नाही. मग ४२ अंशांच्या वॉटर बाथमध्ये तरंगत ठेवायच्या. थर्मामीटरवरची नजर काढायची नाही, अर्ध्या अंशाने गणित फिरतं. नंतर पेशी फोडून प्रथिनं जेलवर पळवायची, पातळ पडद्यावर उतरवायची, आणि फॉस्फेट लागलेल्या जेएनकेलाच तेवढं ओळखणारी अँटिबॉडी घालायची. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली की दोन काळे पट्टे उमटायचे, एक ४६ किलोडाल्टन वजनाला, एक ५४ला. ३७ अंशांवर ठेवलेल्या पेशींच्या रांगेत तिथे जवळजवळ काहीच नसायचं. आम्ही त्या रिकाम्या जागेला कंट्रोल म्हणायचो आणि पुढे जायचो. त्या रिकाम्या जागेत कितीजण कामाला लागलेले असतात हे फिल्मवर दिसत नाही.

मौज पुढे आहे. आदल्या दिवशी थोडा वेळ तापवून, मग ३७वर विसावू दिलेल्या पेशी दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवल्या, तर पट्टे फिके उमटतात. कारण आदल्या दिवशीच्या धक्क्याने पेशीत उष्णता-धक्का प्रथिनं (हीट शॉक प्रोटीन, एचएसपी) तयार झालेली असतात. त्यांचा शोध हीही एक गंमत. १९६२मध्ये इटलीत फेरुचो रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं बघत होते. कुणीतरी इनक्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं, आणि गुणसूत्रांवर एरवी न दिसणारे फुगे दिसले. तिथली जनुकं जोरात कामाला लागली होती. त्यातून बनणारी प्रथिनं हाती लागायला १९७४ उजाडलं. त्यांतलं हेच आपल्या कामाचं: एचएसपी-७०. उकललेल्या प्रथिनांना पुन्हा घडी घालून देणं हे त्याचं नेमून दिलेलं काम. पण व्लादिमीर गबई, मायकेल शर्मन आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये दाखवलं की ते जेएनकेलाही दाबून ठेवतं, आणि पेशी उष्णतेतून वाचते त्यात या दाबण्याचा वाटा आहे. इथेही धरणाऱ्यालाच ताणाची झळ लागते. उकललेली प्रथिनं वाढली की एचएसपी-७० त्यांच्या मागे धावतं, आणि जेएनकेवरचा हात ढिला पडतो.

म्हणून "सोलापूरकराला ऊन चालतं" यात तथ्य आहे का? थोडं आहे. हळूहळू उन्हात वावरायची सवय झालेल्या माणसांच्या रक्तपेशींत या प्रथिनांचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे, आणि घामाची, रक्ताभिसरणाची जुळवाजुळव तर वेगळीच. पण या वाक्यावर कुणी कामगाराला दुपारी दोनला पत्र्याखाली उभं करत असेल तर मला राग येतो. सवयीला मर्यादा असते. एचएसपी-७० पेशीत मोजकंच असतं.

आणि धरण्याला वेळेचंही अंग आहे. जेएनके थोडा वेळ जागा झाला तर पेशी डागडुजी करते, काही वेळा वाढतेसुद्धा. तोच तासन्‌तास जागा राहिला तर मृत्यूकडे नेतो. आस्क-१चं जनुक काढून टाकलेले उंदीर २००१मध्ये तयार केले गेले. ते जन्मले, वाढले. त्यांच्या पेशींना पेरॉक्साइड दिलं तर जेएनके आणि पी-३८ जागे झाले, पण टिकून जागे राहिले नाहीत, आणि पेशी मरायला नाखूश होत्या. वर्गातल्या एका मुलीने यावर विचारलं होतं, "मॅडम, सुटलेलं परत धरतं कोण?" हा प्रश्न आमच्या प्रश्नपत्रिकेत कधी येत नाही, पण खरा प्रश्न तोच. थायोरेडॉक्सिनचे जोडले गेलेले दोन गंधक सोडवायला थायोरेडॉक्सिन रिडक्टेज नावाचं विकर लागतं. त्याच्या मर्मस्थानी सेलेनियम असतं, आणि त्याला लागणारी शक्ती एनएडीपीएच पुरवतं, जे बहुतांशी साखरेपासून येतं. म्हणजे शांतता टिकवायला पेशी रोज साखर जाळते. संधिवातावरचं सोन्याचं औषध ऑरॅनोफिन याच विकराला बंद पाडतं, म्हणून ते कर्करोगाच्या पेशींवर वापरून बघण्याचे प्रयत्न झाले: धरणाऱ्याला दुबळं करा, म्हणजे पेशी स्वतःच्याच आस्क-१ने मरेल.

आतापर्यंतची गोष्ट फार सरळ झाली. धरणारे चांगले, सुटणारे धोक्याचे. तिला खीळ घालणारं प्रथिन म्हणजे जिप-१. अमेरिकेत रॉजर डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेने १९९७मध्ये त्याची ओळख करून दिली ती जेएनकेचा मार्ग रोखणारं प्रथिन म्हणून. ते जेएनकेला पेशीद्रवात अडकवतं आणि केंद्रकात जाऊ देत नाही. पुढच्याच वर्षी, १९९८मध्ये, त्याच प्रयोगशाळेने जाहीर केलं की हेच जिप-१ वरचं, मधलं आणि खालचं कायनेज एका जागी आणून बसवतं आणि निरोप नीट पोचावा म्हणून मंच उभा करतं. एकाच प्रथिनाबद्दल दोन वर्षांत दोन उलटी विधानं, आणि दोन्ही बरोबर. जिप-१ बेताचं असेल तर तिन्ही कायनेज एकाच जिप-१वर येतात आणि काम होतं. ते भरमसाट झालं तर एक कायनेज एका जिप-१वर, दुसरं दुसऱ्यावर, आणि कुणाची कुणाशी गाठ पडत नाही. प्रयोगात एखादं प्रथिन भरपूर घातलं आणि मार्ग बंद पडला, एवढ्यावरून त्याला रोधक ठरवू नये. मी शोधनिबंध वाचायला शिकले ते या दोन निबंधांवर. अजूनही एमएस्सीच्या मुलांना दोन्ही एकदमच वाचायला देते.

औषधं बनवणाऱ्यांना धरणाऱ्यांत फार रस कधी नव्हता. कायनेज बंद करणारा लहान रेणू बनवणं सोपं. पी-३८ रोखणाऱ्या गोळ्या संधिवातावर आणायचे प्रयत्न अनेक कंपन्यांनी केले. रक्तातला सीआरपी, म्हणजे सूज किती आहे ते सांगणारं प्रथिन, सुरुवातीला उतरला आणि काही आठवड्यांत पुन्हा चढला. यकृतावरचे दुष्परिणाम होतेच. एक कारण असं की पी-३८ स्वतःच वरच्या पायरीला मागे खेचत असतो. तो बंद केला की वरची पायरी मोकाट सुटते. आस्क-१ रोखणारं सेलॉनसर्टिब यकृताच्या आजारावर दोन मोठ्या चाचण्यांत उतरलं आणि २०१९मध्ये दोन्हीत अपयशी ठरलं. कायनेज बंद करणं आणि पकड पुन्हा बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मला वाटतं. दुसरीसाठी औषध बनवणं अवघड आहे, हेही मान्य.

माझं सासर मोहोळ तालुक्यातलं. तिथल्याच संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात मालदांडी ज्वारीची ३५-१ ही निवड झाली, जी अजूनही रब्बीला पेरली जाते. पाऊस सरल्यावर पेरायची आणि काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर काढायची. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, मी एकदा सांगत होते की झाडातही ताणावर जागी होणारी कायनेजं असतात आणि त्यांनाही कुणीतरी धरलेलं असतं. तिथे धरणारं प्रथिन फॉस्फेट काढून टाकणारं आहे. ते फॉस्फेट काढतंच, शिवाय कायनेजच्या तोंडात तोंड घालून बसतं, काम करूच देत नाही. ओल कमी झाली की झाडात अॅबसिसिक आम्ल वाढतं. त्याचा ग्राहक, म्हणजे ते ओळखून धरणारं प्रथिन (रिसेप्टर), सापडायला २००९ उजाडलं, अमेरिका आणि जर्मनीतल्या दोन गटांना जवळपास एकाच वेळी. आम्ल आत बसलं की हा ग्राहक धरणाऱ्यालाच जाऊन धरतो. कायनेज सुटतं आणि पानावरची छिद्रं मिटायला लावतं. पाणी वाचतं.

अण्णा तंबाखू मळत ऐकत होते. "म्हणजे त्याला धरणाऱ्याला धरणारा. सोसायटीच्या निवडणुकीसारखं." मी म्हटलं, तसंच. मग सांगितलं की त्या आम्लासारखं काम करणारे कृत्रिम रेणू बनवले गेले आहेत, ओपाबॅक्टिन हा २०१९मधला. फवारला की झाड छिद्रं मिटतं.

"मोहोळात मिळतंय का?"

"अजून नाही, अण्णा."

"मिळालं तरी पोटरीत मारून चालायचं न्हाई. तोंड बांधलं तर कणीस भरंल कशानं?"

पोटरी म्हणजे कणीस पानाच्या वेष्टनातून बाहेर पडायच्या बेताला असतं ती वेळ. पाणी ज्या छिद्रांतून उडतं त्याच छिद्रांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नव्हतं. त्यांनी पुढचं विचारलं: मालदांडी दिवसातून कितीला मिटते, कितीला उघडते, हे आपल्या रानात कुणी बघितलंय का? छिद्रांचा वेग मोजायचं महागडं यंत्र आमच्या कॉलेजात नाही. पण पानाला पारदर्शक नेलपॉलिश लावून, वाळल्यावर चिकटपट्टीने ठसा उचलून, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली उघडी आणि मिटलेली छिद्रं मोजता येतात. जानेवारीत मुलांना घेऊन रानात जायचं ठरलं आहे. सकाळी आठपासून दर दोन तासांनी ठसे घ्यायचे. अण्णांची अट एकच, ताटं मोडायची नाहीत. वर्गात हे सांगितल्याबरोबर सगळ्यांनी हात वर केले. छिद्रांसाठी नाही, हुरड्यासाठी.